डबा बदलूनही बाळाचं पोट पुन्हा पुन्हा बिघडतंय?

‘बाय, हे दूध बाळाला सोसत नाही, दुसरं कुठलं तरी द्या.’

फोंड्याच्या बाजारात फार्मसी चालवताना हे वाक्य कानावर पडलं नाही असा आठवडा जात नाही. बाळ बहुतेक वेळा सहा महिन्यांच्या पुढचं असतं. आधी सगळं ठीक चाललेलं असतं, मग मधेच जुलाब किंवा उलट्या, चार दिवसांनी बरं, पंधरवड्यानं परत तेच. तोवर घरात दोन कंपन्यांचे दूध पावडरीचे अर्धवट डबे उघडून पडलेले असतात आणि तिसरा न्यायला बाबा दुकानात आलेला असतो.

डबा विकणं हा माझा धंदा आहे, तरी मी आधी प्रश्न विचारते. कारण साधं आहे. दूध रोज तेच आणि त्रास मात्र अधूनमधून, असं असेल तर दोष रोज सारख्या राहणाऱ्या पावडरीत असण्याची शक्यता कमी. रोज बदलणाऱ्या गोष्टी शोधायच्या: पाणी किती गरम होतं, माप कोणी घातलं, तयार दूध किती वेळ पडून होतं, बाटली कोणी धुतली. डबा बदलला की काही दिवस बरं वाटतं, आणि श्रेय नव्या डब्याला जातं. खरं म्हणजे ते पोट तसंही तेवढ्या दिवसांत सुधारणारच होतं.

शोध सुरू करण्याआधी एवढं बघून घ्या. बाळाची लघवी कमी झाली आहे, डोळे किंवा टाळू खोल गेलेत, शौचात रक्त आहे, उलटी हिरवी आहे, बाळ मलूल पडलंय किंवा काही पीतच नाही, यातलं एक जरी असेल तर हे वाचणं बाजूला ठेवा आणि डॉक्टरकडे जा. रात्र असेल तर १०८ ला फोन करा, वाट बघू नका. जुलाबात दूध पाणीदार करून पाजण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. तसं करू नका. दूध डब्यावरच्या मापानेच द्यायचं, आणि गेलेलं पाणी भरून काढायला ओआरएस वेगळं. एका मोठ्या पुडीला एक लिटर पाणी, अर्ध्या पुडीचा अंदाज नको. जुलाबात द्यायचं झिंक किती आणि किती दिवस ते डॉक्टर सांगतील.

मोठं झालं म्हणून

पहिले तीन महिने घरात कडक शिस्त असते. आजी कोणाला बाळाजवळ येऊ देत नाही, बाटल्या उकळतात, हात दहादा धुतले जातात. सहावा महिना उलटला, बाळ जमिनीवर रांगायला लागलं, चप्पल तोंडात घालायला लागलं की सगळ्यांना वाटतं, आता एवढं कशाला? गाडी घसरते ती इथेच. याच सुमारास वरचं खाणं सुरू होतं, नाचणीची पेज, मऊ भात, केळं. दातही येऊ लागतात आणि जुलाबांचं खापर दातांवर फुटतं. दातांमुळे जुलाब लागत नाहीत. हिरड्या शिवशिवतात म्हणून बाळ दिसेल ते तोंडात घालतं, त्यातून जंतू जातात.

म्हणजे कारणं एकात एक गुंतलेली असतात, आणि म्हणूनच एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची. एकाच दिवशी डबा, बाटली आणि पाणी तिन्ही बदललंत तर कशाने फरक पडला ते कळायला मार्ग उरत नाही.

पाणी उकळलंत, पण पावडर कधी घातलीत?

‘पाणी उकळून घेता का?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं: हो, रोज सकाळी मोठं पातेलंभर. पुढचा प्रश्न विचारला की गडबड कळते. ते पाणी झाकून गार करतात, आणि दिवसभर त्याच गार पाण्यात पावडर मिसळतात.

पाणी उकळल्याने पाण्यातले जंतू मरतात, पावडरीतले नाहीत. दुधाची पावडर निर्जंतुक नसते, सीलबंद डब्यातलीसुद्धा. क्रोनोबॅक्टर आणि साल्मोनेला हे जंतू कोरड्या पावडरीत वाढत नाहीत, पण जिवंत राहू शकतात आणि कोमट ओलावा मिळाला की भराभर वाढतात. फ्रान्समध्ये २०१७ च्या डिसेंबरात साल्मोनेलामुळे बाळांच्या दुधाचे डबे मोठ्या प्रमाणावर परत मागवावे लागले होते, अमेरिकेत २०२२ साली क्रोनोबॅक्टरच्या संशयावरून. क्रोनोबॅक्टरचा खरा धोका दोन महिन्यांच्या आतल्या, अपुऱ्या दिवसांच्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या बाळांना. साल्मोनेला मात्र आठ महिन्यांच्या धडधाकट बाळाचंही पोट बिघडवतो.

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली अन्न व कृषी संघटनेबरोबर काढलेल्या मार्गदर्शनात सांगितलं आहे की पावडर निदान ७० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात मिसळावी. घरगुती हिशेब असा: एक लिटर पाणी खळखळून उकळा, झाका, आणि अर्ध्या तासाच्या आत वापरा. तेवढ्या वेळात ते ७० च्या खाली जात नाही. पाणी कमी असेल तर ते फार लवकर निवतं, तेव्हा पेलाभर पाण्याला अर्ध्या तासाचा हिशेब लावू नका. स्वयंपाकाचा थर्मामीटर स्वस्तात मिळतो, एकदा मोजून बघितलंत की तुमच्या भांड्याला किती वेळ लागतो ते कळेल. तापाचा थर्मामीटर यात बुडवू नका, असंही मला एकदोघांना सांगावं लागलं आहे.

पावडर मिसळली की बाटली किंवा वाटी गार पाण्याच्या भांड्यात धरून दूध लगेच निववायचं. बाहेरचं पाणी झाकणाच्या खालीच राहू द्या. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकला तर गरम लागता कामा नये. मायक्रोवेव्हमध्ये दूध गरम करू नका, ते एका जागी कोमट आणि दुसऱ्या जागी चटका बसेल असं तापतं.

काही डब्यांवर ‘कोमट पाण्यात मिसळा’ असं छापलेलं असतं, विशेषतः ज्या पावडरीत पोटाला उपयुक्त जिवाणू घातलेले असतात त्यांच्यावर. ७० अंशांना ते जिवाणूही मरतात. अशा वेळी बाळाच्या डॉक्टरांना डबा दाखवून विचारा. बाळ अपुऱ्या दिवसांचं जन्मलं असेल किंवा वारंवार आजारी पडत असेल तर हा प्रश्न आवर्जून विचाराच.

आता आपल्या पाण्याबद्दल. नळाचं पाणी ओपा, अस्नोडा की साळावली, कुठल्याही जलप्रकल्पाचं असो, टाकीत पडून राहिलं की ते तुमच्या टाकीइतकंच स्वच्छ. मे महिन्यात टँकर येतो, जूनमध्ये पहिल्या जोरदार पावसानंतर विहिरीचं पाणी लाल होतं. गढूळ पाणी आधी निवळू द्या, स्वच्छ दुपदरी कापडातून गाळा, मग उकळा. पण उकळल्याने फक्त जंतू जातात. किनाऱ्याजवळच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, ते मीठ उकळून जाणार नाही, उलट पाणी आटलं की वाढेल. तशा विहिरीचं पाणी बाळाच्या दुधाला नकोच. बाटलीबंद पाणीही निर्जंतुक नसतं, तेही उकळावं लागतं. न्हाणीतल्या भाणातलं किंवा गिझरचं गरम पाणी कोणी वापरत नसेल असं मला वाटायचं. वापरतात. वापरू नका.

चमचा कुठल्या डब्यातला?

बद्धकोष्ठता, सतत तहान, बाळ चिडचिडं, आणि दूध नेहमीपेक्षा दाट: इथे मापाकडे बघा.

आपल्याकडच्या बहुतेक डब्यांवर ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा असं प्रमाण असतं. पण गोव्यात पुष्कळ घरांत कोणी ना कोणी आखातात, बोटीवर किंवा इंग्लंडला असतो, आणि सुट्टीवर येताना मोठ्या प्रेमाने बाळाला डबे घेऊन येतो. काही परदेशी डब्यांतला चमचा मोठा असतो, अमेरिकी डब्यांत तर सहसा ६० मिलीला एक. आता बघा काय होतं: परदेशी डबा संपतो, चमचा चांगला दिसतो म्हणून ठेवला जातो आणि तोच आपल्या डब्यात जातो. सवयीने ३० मिलीला एक घातला की दूध दुप्पट दाट. उलट झालं तर निम्मं पातळ. दाट दुधाने बाळाच्या शरीरातलं पाणी कमी पडतं आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. पातळ दुधाने पोट भरतं, पण वजन वाढत नाही आणि रक्तातलं सोडियम उतरू शकतं. दोन्ही प्रकारांत ‘दूध सोसत नाही’ असंच वाटतं. डबा संपला की त्याच्याबरोबर त्याचा चमचाही फेकून द्या.

पाणी आधी, पावडर नंतर, हा क्रमही महत्त्वाचा. १८० मिली पाण्यात सहा चमचे घातले की दूध २०० मिलीच्या आसपास जातं. आधी पावडर घालून मग १८० च्या खुणेपर्यंत पाणी ओतलंत तर पाणी कमी पडतं आणि दूध सुमारे दहा टक्क्यांनी दाट होतं. रोज, प्रत्येक वेळी. चमचा सुरीच्या पाठीने सपाट करायचा, दाबून भरायचा नाही. घरात आई, आजी आणि सांभाळणारी बाई अशा तिघी दूध करत असतील तर तिघींना एकदा एकमेकींसमोर करायला लावा. पुष्कळदा उत्तर तिथेच सापडतं.

दुधात बिस्किट, साखर, नाचणीचं पीठ घालून ‘पोटभरीचं’ करण्याचा मोह आवरा. खाणं ताटलीत, चमच्याने. आणि मध तर वर्षाच्या आत अजिबात नाही, बोटावर चाटवायलासुद्धा. त्यातून बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो.

थर्मासमधलं दूध

माझ्या अंदाजाने पुन्हा पुन्हा येणाऱ्या जुलाबांचा सगळ्यात मोठा गुन्हेगार हा. चवथीला गावात जायचं आहे, सगळे बसमध्ये, म्हणून आई घरूनच दूध करून थर्मासमध्ये भरते. किंवा रात्री उठायला नको म्हणून बाटली तयार करून उशाशी. कोमट दूध तासन् तास ठेवणं म्हणजे जंतूंना आयतं विरजण लावणं.

थर्मासमध्ये न्यायचं ते उकळतं पाणी. चांगला थर्मास ते कित्येक तास गरम ठेवतो. पावडर मोजून स्वच्छ, कोरड्या डबीत वेगळी न्यायची, आणि बाळाला भूक लागली की तिथे मिसळायची. रात्रीसाठीही हेच: पलंगाशेजारी थर्मास, डबी, रिकामी बाटली आणि दूध निववायला पाण्याचं भांडं. दोन मिनिटं जास्त लागतात आणि बाळ तेवढा वेळ रडतं, हे मान्य.

तयार दूध बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. बाळाने तोंड लावलं की तासाभरात संपवायचं, उरलेलं ओतून टाकायचं. उरलेलं फ्रिजमध्ये ठेवून परत तापवायचं नाही, कारण लाळेबरोबर तोंडातले जंतू दुधात गेलेले असतात. डबा महाग आहे, दूध ओतताना जीव तुटतो, हे मला ठाऊक आहे. त्यावर उपाय म्हणजे आधी कमी करायचं आणि लागलं तर परत करायचं.

आगाऊ करून ठेवणं भागच असेल तर दूध लगेच गार करून फ्रिजमध्ये आतल्या बाजूला ठेवा, दारात नाही. ५ अंश किंवा त्याखाली ते २४ तास चालतं, आणि बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटांच्या आत कोमट करून द्यायचं. पण पावसाळ्यात आपल्याकडे वीज किती वेळा जाते ते तुम्हीच बघता. जुलै-ऑगस्टमध्ये मी तरी या फ्रिजवर विसंबायला सांगणार नाही.

पावसाळ्यात पावडरीच्या गाठी

दुधात गाठी राहतात अशी तक्रार जूनपासून वाढते. कधी कारण किरकोळ असतं: पाणी अगदी खळखळतं असताना पावडर घातली, किंवा सगळे चमचे एकदम ओतले. गॅस बंद करून थोडं थांबा, आणि बाटली जोरजोरात हलवण्यापेक्षा तळहातांत धरून फिरवा. हलवून फेस झाला की तो बाळाच्या पोटात हवा होऊन जातो आणि वर येताना दूधही घेऊन येतो. उलट्यांची निम्मी कहाणी ही फेसाची असते.

पण कोरड्या पावडरीचेच खडे झाले असतील, वास किंवा रंग बदलला असेल, तर ओलावा आत गेला आहे. ती पावडर चाळून वापरू नका, टाका. ओला चमचा, वाफेजवळ उघडा डबा, गॅसशेजारची फळी ही नेहमीची कारणं. डबा फ्रिजमध्येही ठेवू नका, बाहेर काढला की आत दव धरतं. मुंग्यांसाठी डबा पाण्याच्या ताटात ठेवण्यापेक्षा घट्ट झाकणाच्या मोठ्या डब्यात ठेवा. रिफिलची पिशवी आणली असेल तर ती जुन्या पावडरीवर ओतू नका, पिशवीच घट्ट मिटून हवाबंद डब्यात ठेवा. उघडलेला डबा किती दिवस चालेल ते त्याच्यावरच लिहिलेलं असतं, साधारण तीन ते चार आठवडे. डबा उघडला त्या दिवसाची तारीख मार्करने झाकणावर लिहा. बाळ वरचं खायला लागलं की दूध कमी लागतं, मोठा डबा महिना उलटला तरी संपत नाही. अशा वेळी लहान डबा घ्या, महाग पडला तरी.

सीलबंद डबा उघडतानाच पावडर खराब निघाली तर मात्र डबा फेकू नका. बॅच क्रमांक, मुदत आणि बिल जपून ठेवा, दुकानदाराला दाखवा. तक्रार करायची तर बांबोळीला अन्न व औषध प्रशासनाचं कार्यालय आहे.

बाटली

निपलच्या घडीत, झाकणाच्या आट्यात दुधाची साय सुकून बसते, ती नुसत्या विसळण्याने जात नाही. सगळे भाग सुटे करा, साबणाने ब्रश मारून धुवा, मग पाण्यात पूर्ण बुडवून उकळा. वर्षापर्यंत हे थांबवू नका. पुसायला ओट्यावरचं फडकं नको, जाळीवर उलटं ठेवून सुकू द्या.

त्याहून सोपा मार्ग म्हणजे बाटलीच नको. भारतातले बालरोगतज्ज्ञ बाटलीऐवजी वाटी-चमच्याचाच सल्ला देतात, आणि सहा महिन्यांनंतर बाळ पेल्यातून प्यायला शिकू शकतं. स्टीलचा पेला घासायला सोपा, त्याला कोपरे नाहीत. सुरुवातीला निम्मं दूध अंगावर सांडतं. सांडू दे.

एवढं करूनही

शौच गडद हिरवी झाली म्हणून डबा बदलायला येणारे बरेच असतात. दुधातल्या लोहामुळे तसं होतं, बाळ खेळतंय, पितंय तर काळजी नको. मोठ्या जुलाबानंतर काही आठवडे दुधातली साखर पचायला जड जाऊ शकते, पण लॅक्टोज नसलेलं दूध स्वतःच्या मनाने सुरू करू नका. शौचात सारखी शेंब किंवा रक्त, अंगावर खाजरे चट्टे, छातीत घरघर असं एकत्र दिसलं तर दुधातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी असू शकते. तिथे डबा बदलावाच लागतो, आणि कुठला घ्यायचा ते डॉक्टरच ठरवतील.

‘एकावर काही सूट?’ असंही विचारलं जातं. बाळाच्या दुधाची जाहिरात, फुकट नमुने, खपासाठीची आमिषं यांना १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, आणि २००३ च्या दुरुस्तीने ती दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या आहारालाही लागू झाली. अंगावर थोडंफार दूध येत असेल तर डबा सुरू झाला म्हणून ते तोडू नका, असंही मी सांगते, विक्री कमी झाली तरी.

वर्ष झाल्यावर ‘तीन नंबरचा डबा’ मागायला येणाऱ्यांनाही मी तेच ऐकवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शनानुसार १२ ते २३ महिन्यांच्या मुलांना अशा पुढच्या टप्प्यांच्या दुधाची शिफारस नाही. घरात येतं ते गायीचं किंवा म्हशीचं दूध नीट उकळून, साखर न घालता, पेल्यातून द्या. दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत ठेवा, नाहीतर मूल जेवत नाही आणि रक्तातलं लोह उतरतं.